हलते स्टेअरिंग : धाराशिव जिल्ह्यातील पुढच्या चाकांच्या दुरुस्तीचा इतिहास

पिकअपची पुढची चाके एका ठरावीक वेगाला, किंवा खड्ड्यातून गेल्याबरोबर, डावी-उजवीकडे झपाट्याने हलू लागतात. ही हालचाल टाय रॉड, ड्रॅग लिंक आणि स्टेअरिंग बॉक्समधून वर चढते आणि चालकाच्या हातातले चक्र थरथरते. थरथर कधी वेग बदलताच थांबते, कधी गाडी जवळजवळ उभी करेपर्यंत थांबत नाही. गॅरेजमध्ये या दोषाला वॉबलिंग म्हणतात. एखादा भाग तुटल्यामुळे तो होतो असे क्वचितच घडते. बहुतेक वेळा पाच-सहा सांध्यांतली थोडीथोडी ढिलाई एकत्र येते आणि तिची बेरीज चक्रावर जाणवते.

धाराशिव जिल्ह्यात चाकांची दुरुस्ती हा जुना धंदा आहे. त्याचा इतिहास पाहिला तर ढिलाईची जागा काळागणिक सरकत गेलेली दिसते. बैलगाडीत ती चाकाच्या तुंब्यात होती, बसमध्ये किंगपिनमध्ये, जीपमध्ये बेलक्रँकमध्ये. आजच्या पिकअपमध्ये ती टायर, टाय रॉड एंड आणि कमानींच्या बुशांत सापडते. गाडी, रस्ता, वेग आणि ओझे बदलले तशी ही जागा बदलली, आणि तिच्याबरोबर दुरुस्ती करणारा कारागीर व त्याची हत्यारेही बदलली.

चाक का हलते

पुढचे चाक किंगपिन किंवा बॉल जॉइंट यांच्याभोवती डावी-उजवीकडे वळते. ज्या रेषेभोवती ते वळते ती रेषा वरच्या टोकाला थोडी मागे झुकलेली असते. या झुकावाला कॅस्टर म्हणतात. त्यामुळे टायर जमिनीला जिथे टेकतो ती जागा वळणाच्या रेषेच्या मागे पडते आणि गाडी पुढे जाताना चाक आपोआप सरळ होते. दुकानातल्या ढकलगाडीचे पुढचे चाक याच कारणाने ढकलण्याच्या दिशेला वळते, आणि त्याचा खिळा ढिला झाला की फडफडू लागते.

मोटारीच्या चाकाचेही तसेच होते. धक्का बसल्यावर चाक थोडे वळते, कॅस्टर त्याला परत आणतो, पण रबराचा टायर आडवा लवचिक असल्याने प्रतिसाद थोडा उशिरा येतो आणि चाक मध्यरेषा ओलांडून दुसऱ्या बाजूला जाते. सांधे घट्ट असतील तर घर्षणात ही हालचाल विरते. सांध्यांत मोकळी जागा असेल तर चाकाला त्या जागेपुरते स्वातंत्र्य मिळते आणि गाडीच्या पुढे जाण्यातूनच हालचालीला दर फेरीत नवी शक्ती मिळत राहते. टाय रॉड दोन्ही चाकांना जोडत असल्याने एका बाजूची थरथर दुसऱ्या बाजूलाही जाते.

पुढे अखंड आस असलेल्या गाडीत आणखी एक कारण असते. एक चाक उंचवट्यावर चढले की पूर्ण आस तिरपी होते. वेगाने फिरणाऱ्या चाकाची आस तिरपी केली की ते भोवऱ्याच्या नियमाने आडवे वळू पाहते. म्हणजे खड्ड्याचा उभा धक्का थेट आडव्या थरथरीत बदलतो. ट्रक, जुनी जीप आणि अनेक मालवाहू पिकअप यांत हा दोष मोटारकारपेक्षा अधिक दिसतो तो यामुळे.

बैलगाडीचा काळ

जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, हे सातवाहन काळातले मोठे व्यापारी केंद्र होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठण आणि तगर या गावांचा उल्लेख आहे. तगराहून साधे कापड आणि मलमल गाड्यांत भरून, धड वाटा नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराकडे जात असे, असे त्यात म्हटले आहे. बालाघाटच्या डोंगररांगांतून चाकांवर माल नेण्याची परंपरा या भागात जवळपास दोन हजार वर्षांची आहे.

बैलगाडीला स्टेअरिंग नसते. बैल वळले की जू वळते, जुवाबरोबर दांडी वळते आणि दांडीबरोबर आख व दोन्ही चाके वळतात. चाक आखाला पक्के नसते, तुंबा आखाभोवती फिरतो. वंगण कमी पडले की तुंब्याचे भोक आतून झिजते आणि चाक आखावर डुलू लागते. गाडीचा वेग माणसाच्या चालीइतका असल्याने या डुलण्यातून सतत वाढणारी थरथर कधी तयार होत नसे. फक्त चाक तिरपे चालून आरे सैल होत आणि धाव निसटे. उपाय सुतार आणि लोहार यांच्यात वाटलेला होता. तुंबा, आरे आणि लाकडी घेर ही सुतारकी. लोखंडी धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल करून घेरावर बसवायची आणि पाणी ओतून आवळायची, हे लोहाराचे काम. बसवलेले चाक फिरवून ते एका पातळीत फिरते की लचकते हे डोळ्याने पाहणे, ही या धंद्यातली पहिली तपासणी. आजचा कारागीर जॅकवर उचललेले चाक फिरवून रिम पाहतो तेव्हा तो तीच तपासणी करत असतो.

दोन्ही पुढची चाके आपापल्या खिळ्याभोवती वेगवेगळी वळवण्याची रचना युरोपात आली. म्युनिकचा बग्गी बनवणारा गेओर्ग लांकेन्स्पर्गर याने ती केली आणि 1818 मध्ये रुडॉल्फ आकरमान याने तिचे इंग्लंडमध्ये पेटंट घेतले. या रचनेत आस जागेवर राहते, फक्त चाके वळतात, आणि आतले चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळते. त्यामुळे गाडी स्थिर झाली, पण पुढच्या आसेवर पूर्वी नव्हते असे अनेक सांधे आले. स्टेअरिंगच्या दुरुस्तीचा धंदा या सांध्यांपासून सुरू होतो.

निजामी बस आणि किंगपिन

निजाम आणि ब्रिटिश यांच्यातल्या 1853 च्या करारानंतर नळदुर्ग जिल्हा काही वर्षे ब्रिटिशांच्या ताब्यात होता. फिलिप मेडोज टेलर तेव्हा नळदुर्गला अधिकारी होता. 1860 मध्ये जिल्हा निजामाकडे परत गेला. त्याच सुमारास रेल्वे सोलापूरला पोचली आणि नळदुर्ग-उमरग्यावरून हैदराबादला जाणारा रस्ता सोलापूरच्या बाजारपेठेला जोडला गेला. पुढे 1897 मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे 1911 पर्यंत लातूरला गेली आणि जिल्ह्यातून मालाची ने-आण करू लागली. स्टेशनापासून गावापर्यंतचा प्रवास मात्र चाकगाडीचाच राहिला.

हैदराबाद संस्थानात सरकारी बससेवा जून 1932 मध्ये निजामाच्या रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागामार्फत सुरू झाली. सुरुवातीला 27 बस आणि 166 कर्मचारी होते. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला तेव्हा इथली बससेवाही मुंबई राज्याकडे आली आणि 1961 मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ स्थापन झाले. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, भूम आणि परंडा या आगारांच्या कार्यशाळांत आस, किंगपिन आणि कमानी पाट्यांची नियमित देखभाल रुजली.

त्या काळच्या बसच्या पुढे घडीव पोलादाची एकसंध आस असे. आसेच्या दोन्ही टोकांना किंगपिन, त्याच्याभोवती पितळी बुश, खाली थ्रस्ट बेअरिंग. या सांध्यांना दर ठरावीक अंतराला ग्रीस द्यावे लागे. ग्रीस चुकले की धूळ आत जाऊन बुश झिजे आणि चाक वर-खाली डुले. बैलगाडीच्या तुंब्यातली ढिलाई आता किंगपिनमध्ये आली होती. फरक इतकाच की वेग दहा पटींहून अधिक वाढला होता.

पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न 1920 च्या दशकात ऐरणीवर आला. 1923 पासून कमी दाबाचे, फुगीर बलून टायर आले. बसण्याला आराम मिळाला पण आडवी लवचिकता वाढली. त्याच वेळी पुढच्या चाकांनाही ब्रेक बसू लागले आणि आसेच्या टोकांचे वजन वाढले. अनेक मोटारींची पुढची चाके थरथरू लागली. फ्रेंच अभियंता जॉर्ज ब्रुलिए याने 1925 मध्ये या थरथरीचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि टायरच्या आडव्या सरकण्याशी तिचा संबंध दाखवला. रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत गेलेला मॉरिस ऑली याने जनरल मोटर्समध्ये यावर काम केले. दोन्ही चाकांना जोडणारी आस काढून प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन द्यायचे, हा उपाय 1934 च्या मोटारींत तिथे रूढ झाला. ट्रक आणि बसने मात्र अखंड आस सोडली नाही. ती जास्त ओझे सहन करते, स्वस्त पडते आणि साध्या हत्यारांनी दुरुस्त होते. पुढे मराठवाड्यातल्या मालवाहू गाड्यांतही ती याच कारणांनी टिकली.

जीपचे आगमन

सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्याच सुमारास मुंबईत महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी सुरू केली होती. 2 ऑक्टोबर 1952 ला समूह विकास कार्यक्रम सुरू झाला, 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या आणि गटविकास अधिकाऱ्यांपासून पाटबंधाऱ्यांच्या अभियंत्यांपर्यंत सरकारी कामाची गाडी म्हणजे जीप असे समीकरण झाले. सरकारी लिलावात निघालेल्या जुन्या जीप पुढे शेतकरी, कंत्राटदार आणि प्रवासी वाहतूक करणाऱ्यांकडे गेल्या. आसपासच्या गॅरेजमधल्या उस्तादांची एक पिढी याच जीपवर शिकली.

विलीज घराण्यातल्या या जीपची पुढची आस अखंड होती, वर पाट्यांच्या कमानी होत्या आणि स्टेअरिंगची रचना नाजूक होती. स्टेअरिंग बॉक्समधून निघणारी ड्रॅग लिंक आसेवर बसवलेल्या बेलक्रँकला फिरवी आणि बेलक्रँकमधून दोन टाय रॉड दोन चाकांकडे जात. बेलक्रँकच्या खिळ्यात किंचित मोकळीक आली तरी दोन्ही टाय रॉडना ती मिळे. चाकासह वळणाऱ्या भागात, म्हणजे नकलमध्ये, वर-खाली दोन किंगपिन बेअरिंगे असत आणि त्यांचा दाब पातळ शिम घालून-काढून ठरवावा लागे. कंपनीने ठरवलेली मापे अशी होती : कॅस्टर 3 अंश, कॅम्बर (चाकाच्या वरच्या टोकाचा बाहेरचा झुकाव) दीड अंश, किंगपिनचा आतला झुकाव साडेसात अंश आणि टो-इन 3/64 ते 3/32 इंच, म्हणजे साधारण सव्वा ते अडीच मिलिमीटर.

टो-इन म्हणजे वरून पाहता दोन्ही पुढची चाके पुढच्या टोकाला किंचित जवळ असणे. गाडी चालू झाली की सांध्यांतल्या मोकळिकीमुळे चाके थोडी बाहेर वळतात; तेवढी तूट भरून काढण्यासाठी ती आधीच थोडी आत ठेवतात. हे माप घ्यायला यंत्र लागत नव्हते. चाक जॅकवर उचलून फिरवायचे, टायरच्या मध्यावर खडूने किंवा खिळ्याने बारीक रेघ ओढायची, गाडी खाली घेऊन थोडी पुढे ढकलायची, आणि आसेच्या उंचीवर दोन रेघांमधले अंतर आधी पुढून, मग मागून मोजायचे. दोन्हींतला फरक म्हणजे टो-इन. टाय रॉडच्या नळीला दोन्ही टोकांना उलटसुलट आटे असल्याने ती फिरवली की अंतर कमी-जास्त होते. ही पद्धत आजही यंत्र नसलेल्या गॅरेजमध्ये वापरतात, आणि सपाट जागा व काळजीपूर्वक हात असेल तर ती पुरेशी अचूक असते.

रस्ते आणि ओझे

1972 च्या दुष्काळात मराठवाड्यात रस्त्यांची कामे मोठ्या प्रमाणावर निघाली. लाखो हातांनी खडी फोडली, मुरूम टाकला. पुढे रोजगार हमी योजनेने हे काम चालू ठेवले. या रस्त्यांनी अनेक गावे पहिल्यांदा मोटारीच्या आवाक्यात आणली. पण खडी-मुरुमाचा रस्ता वाहतुकीने दबतो आणि त्यावर आडव्या लाटा उठतात. काळ्या जमिनीवरचा रस्ता पावसात फुगतो आणि उन्हाळ्यात भेगाळतो. अशा रस्त्यावर चाकाला सतत बारीक, एकसारखे धक्के बसतात. शॅकल आणि कमानींचे रबरी बुश, टाय रॉडचे बॉल जॉइंट आणि बेअरिंगे यांची झीज एका मोठ्या खड्ड्यापेक्षा या सततच्या हादऱ्याने अधिक होते. धूळ ग्रीसमध्ये मिसळली की ग्रीसच घासणारे द्रव्य बनते.

गाड्यांचे प्रकारही बदलले. 1958 मध्ये बजाज टेम्पो कंपनी स्थापन झाली. तिची मॅटॅडोर 1969 पासून आणि ट्रॅक्स 1980 च्या दशकाच्या अखेरीस रस्त्यावर आली. 1986 मध्ये टाटा 407 आली. तिच्या पुढे घडीव एकसंध आस आणि पाट्यांच्या कमानी होत्या. 2000 मध्ये बोलेरो बाजारात आली, तिच्या नावाचे पिकअप आले आणि 2005 मध्ये टाटा एसने लहान मालवाहू गाडी छोट्या व्यापाऱ्याच्या आवाक्यात आणली. तुळजाभवानीच्या यात्रेला जाणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीप, भूमचा खवा, उस्मानाबादी शेळ्यांचे बाजार, सोयाबीन, द्राक्षे आणि सोलापूर-लातूरच्या बाजारांत जाणारा भाजीपाला या सगळ्यांचे ओझे या गाड्यांनी उचलले.

ओझ्याचा स्टेअरिंगशी थेट संबंध आहे. पिकअपच्या मागच्या आसेच्या मागे जास्त माल भरला की गाडीचे नाक वर उचलले जाते. चासी मागे झुकते, तिच्याबरोबर कमानींवर बसलेली पुढची आसही मागे झुकते आणि कॅस्टर वाढतो. कॅस्टर कमी झाला तर गाडी सरळ चालत नाही, भरकटते; प्रमाणाबाहेर वाढला तर थरथर वाढते. शिवाय पुढच्या चाकांवरचे वजन घटल्याने टायरची पकड कमी होते. म्हणून काही गाड्या रिकाम्या असताना ठीक चालतात आणि भरल्यावर हलतात, तर काहींचे उलटे असते. कारागीर पहिल्यांदा हेच विचारतो : गाडी भरलेली असताना हलते की रिकामी असताना?

तपासणीचा क्रम

या सगळ्या अनुभवातून धंद्यात तपासणीचा एक क्रम ठरला. त्याचा हेतू एकच असतो : महागड्या भागाकडे जाण्याआधी स्वस्त आणि सोपी कारणे वगळणे.

आधी लक्षण नीट विचारून घेतात. थरथर फक्त 60 ते 80 किलोमीटरच्या वेगात येऊन पुढे कमी होत असेल तर संशय टायर, रिम आणि बॅलन्सिंगवर जातो. खड्ड्यातून गेल्यावर सुरू होऊन वेग उतरेपर्यंत थांबत नसेल तर सांध्यांच्या ढिलाईवर. ब्रेक दाबल्यावरच येत असेल तर लंबगोल झालेला ड्रम किंवा वाकडी डिस्क पाहावी लागते. संथ वेगातही चाक हळूहळू डुलत असेल तर रिम वाकलेली किंवा टायरचे आतले पट्टे सुटलेले असण्याची शक्यता मोठी.

मग टायर पाहतात. दोन्ही बाजूंची हवा सारखी आहे का, टायरला फुगवटा आला आहे का, नक्षी एका कडेने झिजली आहे की जागोजागी खळगे पडले आहेत, हे हात फिरवून कळते. एका कडेची झीज टो किंवा कॅम्बर बिघडल्याचे सांगते. खळगे पडले असतील तर चाक जमिनीवर उड्या घेत आहे, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, बेअरिंग किंवा बॅलन्स बिघडला आहे. चाकांचे नटही याच वेळी तपासतात. पुढची चाके मागे लावून गाडी चालवली आणि थरथर चक्रावरून बैठकीकडे गेली, तर दोष चाकांतच आहे हे सिद्ध होते.

तिसरी पायरी जॅकवर. पुढची आस उचलून चाकाला वर-खाली, म्हणजे घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी, धरून हलवतात. ढिलाई जाणवली तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगतात. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर ती हबच्या बेअरिंगात आहे. तशीच राहिली तर किंगपिन किंवा बॉल जॉइंटमध्ये. मग चाक तीन आणि नऊच्या जागी धरून हलवतात. इथली मोकळीक मुख्यतः टाय रॉड एंड आणि स्टेअरिंगच्या दांड्यांची असते.

चौथी पायरी सगळ्यांत उपयोगी. गाडी जमिनीवर, वजन चाकांवर. एकजण चक्र थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे सतत फिरवतो आणि दुसरा खाली झोपून एकेका सांध्यावर बोट ठेवत जातो. चाक वळण्याआधी कुठली दांडी हलते, कुठला बॉल आपल्या घरात उसळतो, स्टेअरिंग बॉक्सच चासीवर सरकतो का, हे थेट दिसते. हवेत लटकवलेल्या चाकावर लपणारी ढिलाई वजनाखाली उघडी पडते. याच वेळी कमानींचे यू-बोल्ट, सेंटर बोल्ट आणि शॅकलचे बुश पाहतात. सेंटर बोल्ट तुटला असेल तर आस एका बाजूने मागे सरकते आणि दोन्ही बाजूंची पुढच्या-मागच्या चाकांमधली लांबी वेगळी येते. ते दोरीने मोजून कळते.

स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळणे हे सगळ्यांत शेवटचे काम. बाहेरचे सांधे ढिले असताना बॉक्स आवळला तर चक्र जड होते, वळणानंतर आपोआप सरळ येत नाही आणि मूळ दोष राहतोच.

दुरुस्ती

दोष सापडला की दुरुस्ती बहुधा सरळ असते. टाय रॉड एंड बदलतात आणि कॅसल नटला नवी स्प्लिट पिन घालतात. जुनी पिन पुन्हा वापरणे धोक्याचे असते. किंगपिनचे काम जास्त कौशल्याचे आहे. जुना पिन ठोकून काढायचा, बुश दाबून बसवायचे, दोन्ही बुशांमधून एकाच वेळी रीमर फिरवून भोके एका सरळ रेषेत आणायची, मग थ्रस्ट बेअरिंग आणि शिम घालून वर-खाली मोकळीक मारायची. दोन भोके एका रेषेत नसतील तर नवा पिन जड फिरतो आणि थोड्याच दिवसांत बुश पुन्हा झिजतात. लेथ आणि रीमर असलेल्या वर्कशॉपकडे हे काम जाण्याचे कारण हेच. हबचे बेअरिंग चाक फिरवत आवळतात आणि मग थोडे सैल करतात. जास्त आवळलेले बेअरिंग तापून खराब होते.

कमानींचे बुश आणि शॅकल पिन जोडीने बदलतात. पाटा लवला असेल तर तो चढवून घेतात किंवा नवा घालतात, कारण लवलेल्या पाट्याने आसेचा झुकाव बदलतो. कॅस्टर सुधारण्यासाठी आस आणि कमान यांच्यामध्ये तिरकस पाचर घालतात. दोन्ही बाजूंना सारखीच घालावी लागते. सांधे घट्ट झाल्यानंतरच टो-इन लावायचे, त्याआधी नाही, हा धंद्यातला नियम आहे.

काही गाड्यांना स्टेअरिंग डॅम्पर असतो. शॉक अ‍ॅब्सॉर्बरसारखे हे नळकांडे टाय रॉडची झपाट्याची हालचाल रोखते. नवा डॅम्पर घातल्यावर थरथर थांबते खरी, पण ढिले सांधे तसेच राहिले तर डॅम्पर त्यांच्यावर पांघरूण घालतो आणि ते झिजत राहतात. म्हणून जाणकार कारागीर डॅम्पर शेवटी बदलतो.

सुट्या भागांच्या पुरवठ्यात पुणे आणि मद्रासचा मोठा वाटा राहिला. पुण्याच्या भारत फोर्जने, 1961 मध्ये स्थापन झाल्यानंतर, घडीव आसेचे बीम मोठ्या प्रमाणावर बनवले. मद्रासच्या राणे समूहाने स्टेअरिंगचे गिअर आणि दांड्या बनवल्या. 1981 मध्ये पुण्याजवळ झेडएफ स्टेअरिंग गिअर ही कंपनी आली. धाराशिवच्या गॅरेजला हे भाग सोलापूर आणि लातूरच्या बाजारातून मिळतात. तुळजापूरपासून सोलापूर सुमारे 45 किलोमीटरवर असल्याने जिल्ह्याच्या दक्षिण भागाचा कल तिकडे राहिला.

चौपदरी रस्ता, यंत्र आणि कायदा

गेल्या दशकात जिल्ह्यातून जाणारे दोन मोठे रस्ते बदलले. पूर्वी 9 क्रमांकाचा असलेला पुणे-हैदराबाद महामार्ग आता 65 क्रमांकाचा असून नळदुर्ग, उमरग्यावरून जातो. पूर्वीचा 211, आताचा 52, सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येडशी, येरमाळ्यावरून बीडकडे. चौपदरीकरणानंतर पिकअपचा रोजचा वेग वाढला आणि दोषाची जागा पुन्हा सरकली. ताशी 70 किलोमीटरला पिकअपचे चाक सेकंदाला जवळपास नऊ फेऱ्या घेते. रिमच्या कडेला 30 ग्रॅमचा असमतोल असला तर या वेगाला तो पावणेदोन किलोंच्या आसपास ओढ निर्माण करतो आणि ती दर सेकंदाला नऊ वेळा दिशा बदलते. निम्म्या वेगाला हीच ओढ चौथाईवर येते. म्हणूनच गावरस्त्यावर वर्षानुवर्षे न जाणवलेला दोष महामार्गावर पहिल्याच दिवशी जाणवतो.

यातून बॅलन्सिंग आणि संगणकीय अलाइनमेंटची यंत्रे धंद्यात आली. यंत्र कोन अचूक दाखवते, पण ढिल्या सांध्यावर घेतलेले माप गाडी बाहेर पडताच बदलते. चांगल्या केंद्रात अलाइनमेंटआधी सांधे हलवून पाहतात ते त्यामुळे. पॉवर स्टेअरिंगने आणखी एक बदल केला. दाबाखालचे तेल रस्त्याचे धक्के गिळते, त्यामुळे सांध्यातली ढिलाई चालकाच्या हाताला उशिरा कळते आणि गाडी गॅरेजमध्ये येईपर्यंत झीज वाढलेली असते.

कायद्यानेही ढिलाईला मर्यादा घातली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 98 नुसार दुचाकी-तीनचाकी सोडून इतर वाहनांच्या चक्रातली मोकळी फिरत 30 अंशांपेक्षा जास्त असता कामा नये, स्टेअरिंगच्या दांड्यांच्या बॉल जॉइंटना रबरी टोप्या असल्या पाहिजेत आणि बोल्ट-पिना पक्क्या अडकवलेल्या असल्या पाहिजेत. एमएच-25 क्रमांकाच्या मालवाहू पिकअपला फिटनेस प्रमाणपत्रासाठी ही कसोटी द्यावी लागते. 30 अंश ही कायद्याची कमाल मर्यादा आहे. बऱ्याच गाड्या त्याच्या कितीतरी आधी हलू लागतात. रबरी टोपीची अट धुळीच्या या मुलखात विशेष महत्त्वाची, कारण फाटलेली टोपी म्हणजे सांध्यात शिरलेली धूळ.

शिकण्याची वाटही बदलली. पूर्वी पोरगा उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे राहून शिके. 1950 मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून औद्योगिक प्रशिक्षण संस्था आल्या आणि मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम छापील झाला. अनेक कारागिरांनी दोन्ही वाटा घेतल्या : कोन आणि मापे संस्थेत, सांध्यावर बोट ठेवून ढिलाई ओळखणे गॅरेजमध्ये.

दुरुस्तीनंतरची तपासणी सगळ्या काळांत तीच राहिली आहे. सर्व नट आवळून, पिना वाकवून, हवा सारखी करून गाडी आधी रिकामी आणि मग नेहमीच्या ओझ्यासह त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला चालवून पाहतात जिथे ती हलत होती. काही दिवस चालल्यावर यू-बोल्ट आणि चाकांचे नट पुन्हा आवळतात, कारण नवे बुश आणि पाटे बसताना थोडे दबतात. या दुसऱ्या आवळणीनंतरही गाडी हलली नाही तर काम पूर्ण झाले असे धरतात.